चेनच्या जागी चार बटणं

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात मी अडीच वर्षं ऑफिसचं काम केलं. खाली कटिंगचं लांब टेबल, वर शिलाईच्या मशीनांच्या दोन रांगा, आणि रांगांच्या टोकाला प्लायवूडच्या पार्टिशनमागे माझं टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक फोन. मशीनवर तीसेक बायका होत्या. बहुतेक जणी अंबरनाथच्या बुवापाड्यातून आणि आसपासच्या वस्त्यांतून शेअर रिक्षाने यायच्या. मी बदलापूरहून.

माझी ती पहिलीच नोकरी. आमचं घर बदलापूरच्या मांजर्लीत, तळमजल्यावर. दोन हजार पाचच्या पुरात कपाटाच्या वरच्या खणापर्यंत पाणी आलं तेव्हा माझी बी.कॉम.ची मार्कशीट भिजली होती. मुलाखतीला मी तीच घेऊन गेले, शाई पसरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. कारखान्याचे मालक सिंधी, साठीकडे झुकलेले. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांनी तो कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "ये तो डूब गया है."

मी म्हटलं, "कागद बुडालाय शेठ, शिकलेलं नाही बुडालं."

ते हसले आणि मला सोमवारपासून यायला सांगितलं.

पण मला सांगायचंय ते लाइन इन्चार्ज मावशींबद्दल. मावशी पंचेचाळीसच्या आसपासच्या. शिक्षण सातवीपर्यंत. लग्नानंतर बुवापाड्यात घरी ब्लाउज शिवायच्या, मग कारखान्यात धागे कापायला लागल्या, आणि बारा वर्षांत आमच्या लाइनीत असं एकही मशीन उरलं नाही ज्यावर त्यांना बसता येत नव्हतं. त्यांचा आवाज मोठा नव्हता. मशीनांच्या खडखडाटात बाकीचे ओरडून बोलायचे. मावशी मात्र जिला सांगायचं तिच्याजवळ जायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या आणि तिच्या कानाशी जे काय ते सांगायच्या. त्यामुळे कुणाची चूक झाली तर ती त्या दोघींनाच कळायची. कौतुकही त्या तसंच करायच्या, म्हणजे फार क्वचित आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं. शेठ त्यांना 'अदी' म्हणायचे. सिंधीत अदी म्हणजे ताई. शेठ स्वतःच्या मुलाचं ऐकत नसत, पण अदीचं ऐकत. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा सांगितल्यावर.

दोन हजार सात सालच्या शेवटी शेठना एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली. तेव्हा जिकडेतिकडे मॉल उघडत होते आणि या कंपनीची दुकानं त्या मॉलमधून होती. चार हजार नग, गुढीपाडव्याच्या आधी दुकानात पोचले पाहिजेत. तोवर आमचा माल घाऊक बाजारात जायचा. तिथे आठवडाभर उशीर झाला तरी दोन शिव्या खाऊन भागायचं. या कंपनीने आठ पानांचा कागद पाठवला होता. कापड कुठलं, दोरा कुठला, एका इंचात टाके किती, सगळं लिहिलेलं. शेवटच्या पानावर एक चेन स्टेपल करून लावली होती, जुन्या पितळेच्या रंगाची. हीच चेन लावायची, दुसरी चालणार नाही. ती चेन चीनमधून यायची.

शेठनी डिसेंबरातच मागवून ठेवली होती. आमचे खोके म्हणजे एका कंटेनरचा एक कोपरा, बाकीचा माल दुसऱ्या व्यापाऱ्यांचा. शेठनी कंटेनरचा नंबर मला दिला आणि रोज सकाळी इंटरनेटवर तो कुठे आहे ते बघायचं काम लावलं. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. घरी आईला सांगायचे की आज आमचा माल अमुक ठिकाणी आहे, आणि आई पोळ्या लाटता लाटता "हो का" म्हणायची.

जानेवारीत चीनमध्ये बर्फ पडला आणि ट्रक रस्त्यातच अडकले. ते निघाले तोवर त्यांच्या नवीन वर्षाच्या सुट्ट्या लागल्या. कंटेनर जहाजावर चढला तेव्हाच दोन आठवडे उशीर झाला होता. तरी शेठ म्हणाले, चालेल, होऊन जाईल. सिंगापूरला तो एका जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवायचा होता. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शेठनी जिन्यातूनच विचारलं, "पहुंच रहा है ना?" आणि मी कॉम्प्युटर चालू करायच्या आधीच सवयीने "हो शेठ" म्हटलं. मग स्क्रीन उघडली. दुसरं जहाज निघून गेलं होतं. आमचा कंटेनर त्याच्यावर नव्हता. पुढच्या जहाजाचा रकाना कोरा होता.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. आधी वाटलं, वेबसाइट चुकली असेल. मग वाटलं, उद्यापर्यंत भरेल तो रकाना. मंगळवारी मी तीन-चार वेळा उघडून पाहिलं, कोराच. शेठना ब्लडप्रेशर होतं आणि मी सोमवारी 'हो' म्हणून बसले होते. आता ते मागे कसं घ्यायचं तेच कळत नव्हतं.

बुधवारी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. "चेन कधी हातात येते गं? उद्यापासून पुढचे भाग लावायला घेतेय."

जीन्सच्या पुढच्या भागाला चेन अगदी सुरुवातीला बसते. ती बसल्याशिवाय पुढचा भाग पुढे सरकत नाही. मला रडू आलं. मी त्यांना स्क्रीन दाखवली.

"हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज बुधवार."

"हो."

त्यांनी मागे वळून लाइनीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस मिळाले असते तर मी मागचे भाग पुढे काढले असते, पुढच्यांना हातच लावला नसता. बरं. डोळे पूस. शेठना सांगायला जाऊ. मी येते तुझ्याबरोबर, पण बोलायचं तू."

मी बोलले. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी खिशातून गोळी काढून घेतली आणि एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, तिकडे बंदरात गर्दी आहे, पुढच्या जहाजावर जागा नाही, मार्चचा शेवटचा आठवडा धरा. त्या दोन दिवसांबद्दल मावशींनी नंतर कधीही, रागातसुद्धा, शब्द काढला नाही. मीच आत्ता काढतेय.

शेठ दोन दिवस मुंबईच्या बाजारात फिरले. तशीच चेन कुणाकडे मिळते का बघत होते. पण सगळ्यांचाच माल अडकलेला. तीन दुकानांत मिळून काहीशे चेन मिळाल्या, त्याही तीन वेगवेगळ्या रंगांच्या. कंपनीला फोन केला तर तिकडून सांगितलं, चेन बदललीत तर माल परत येईल. शुक्रवारी शेठ वर आले आणि मावशींना म्हणाले, "अदी, मशीन बंद करो. सबको बोलो घर बैठो, चेन आयेगी तब बुलाएंगे."

मावशी म्हणाल्या, "शेठ, याच गल्लीत चार कारखाने आहेत. आज घरी बसवलेली बाई सोमवारी तिकडे लागेल. चेन येईल तेव्हा मशीनवर कोण बसणार? तुम्ही का मी?"

"तो क्या करूं?"

"मला आठ दिवस द्या."

शेठ खाली गेले, पुन्हा वर आले. मावशींनी तेच पुन्हा सांगितलं. मग ते 'ठीक है' म्हणाले.

त्या दिवशी दुपारपर्यंत मावशींनी सगळी लाइन फिरवली. ज्याला चेन लागत नाही ते सगळं आधी. मागचे भाग, खिसे, कमरेचे पट्टे, पट्ट्याचे लूप. चेन लावणाऱ्या दोघींना खिशांवर बसवलं. त्या कुरकुरल्या, कारण चेन लावणं हे मानाचं काम होतं. मावशींनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि त्या बसल्या. सोमवारपर्यंत मागच्या भागांचे गठ्ठे खिडकीच्या वरपर्यंत गेले आणि आत उजेड कमी पडायला लागला.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती माझ्याबाबतीत. म्हणाल्या, "उद्यापासून रोज सकाळी मशीनं चालू व्हायच्या आधी लाइनीसमोर उभी राहा आणि जहाज कुठे आहे ते सांग."

मी म्हटलं, "बायकांना काय करायचंय मावशी जहाजाशी?"

"त्यांच्या हातातलं काम अडलंय त्याच्यावर. तुला माहीत, शेठना माहीत, मग त्यांना का नको?"

मी घरून शाळेतला नकाशा आणला आणि कटिंगच्या खडूने भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर चीन, सिंगापूर आणि आपला किनारा काढला. पहिल्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कंटेनर सिंगापूरलाच. दुसऱ्या दिवशीही सिंगापूरलाच. पण बायका ऐकायच्या आणि प्रश्न विचारायच्या. मध्ये एवढा समुद्र कशाला सोडलाय, रेल्वेने का नाही येत. कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तिकडं पेट्या उचलणारी माणसं असतीलच की. त्यांना फोन करून आपलं सांगता येत नाही का?" सगळ्या हसल्या. मी मात्र एजंटला खरंच फोन करून विचारलं, आणि तोही हसला, पण त्याने तिथल्या ऑफिसला मेल टाकला आणि चार दिवसांनी त्या कोऱ्या रकान्यात एका जहाजाचं नाव आलं. मेलमुळे आलं की येणारच होतं, देव जाणे. लाइनीत मात्र सगळं श्रेय त्या म्हाताऱ्या बाईंना मिळालं.

जहाजाची तारीख मिळाली तरी प्रश्न सुटला नव्हता. चेन मार्चअखेरीस हातात येणार, मग शिलाई, मग धुलाईला चार दिवस, मग इस्त्री आणि पॅकिंग. पाडवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होता. हिशेब कसाही केला तरी बसत नव्हता.

आणि मग मावशींना हमालकाकांची पँट दिसली.

हमालकाका पन्नाशीचे, कापडाचे तागे खांद्यावरून वर आणायचे. त्यांच्या अंगावर जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेली कुठल्यातरी परदेशी माणसाची जीन्स होती. त्यांनी तागा टाकला, कंबर सरळ केली, आणि मावशी त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या. कंबरेच्या खाली. ते बिचारे गोरेमोरे झाले. बायकांची खसखस सुरू झाली.

"काका," मावशी म्हणाल्या, "तुमच्या पँटला चेन नाही?"

"बटणं आहेत, अदी. पहिल्यापासून अशीच आहे." कारखान्यातले पुरुष शेठचं ऐकून मावशींना अदीच म्हणायचे.

"उद्या दुसरी घालून या आणि ही मला द्या. धुऊन आणा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि ब्लेडने त्या पँटचा पुढचा भाग उसवायला घेतला. डबा बाजूला तसाच. एकेक तुकडा सुटला की कागदावर ओळीने ठेवायच्या आणि त्यावर खडूने आकडा घालायच्या. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. चेन असते तिथे आत एक दुपदरी पट्टी होती, तिच्यात चार काजं, बाहेरून न दिसणारी. समोरच्या बाजूला चार धातूची बटणं. मावशींनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली, बोटांनी मोजली आणि म्हणाल्या, "एवढंच आहे होय." संध्याकाळी घरी जायच्या आधी त्यांनी काकांची पँट पुन्हा शिवून दिली, आणि तिचा फाटलेला खिसाही बदलला.

अडचण काजांची होती. आमच्याकडे काजाचं मशीन एकच, म्हातारं झालेलं. ते दिवसाला चारशे काजं ओढायचं, तेही मर्जी असली तर. एका पँटला कमरेचं एक काज लागायचं ते आता पाच लागणार. शेठ म्हणाले, इथेच संपलं. मावशी म्हणाल्या, काज पँटला करायचंच नाही, पट्टीला करायचं. पट्ट्या वेगळ्या कापून घ्यायच्या, त्यावर काजं बाहेरून करून आणायची आणि मग पट्टी पँटला लावायची. उल्हासनगरात शिंप्यांसाठी काज-बटण करून देणारी छोटी दुकानं गल्लोगल्ली होती. पट्टी पिशवीतून नेता येते, अख्खी पँट न्यावी लागत नाही.

माप चुकू नये म्हणून मावशींनी घरून नवऱ्याच्या छातीचा जुना एक्स-रे आणला. पट्टीच्या आकाराचे तीन तुकडे कापले आणि प्रत्येकात काजांच्या जागी चार भोकं पाडली. ते पट्टीवर ठेवायचं आणि भोकातून खडूची खूण करायची. पहिल्या तीन दुकानांना तीन तुकडे दिले. पिशव्या पोचवायला मी त्यांच्याबरोबर जायचे. एका दुकानदाराने आमचा तुकडा बाजूला ठेवून स्वतःचा पुठ्ठा कापला आणि सगळी काजं एक सूत सरकली. मावशी भांडल्या नाहीत. त्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या, स्वतः दहा पट्ट्या करून दाखवल्या आणि उठताना म्हणाल्या, "भाऊ, पुठ्ठा झिजतो. हे झिजत नाही."

पण मावशींचीही चूक झाली. कापड वाचावं म्हणून त्यांनी पट्ट्या उरलेल्या तुकड्यांतून आडव्या कापल्या होत्या. नमुन्याचे पन्नास नग धुऊन आले तेव्हा सगळ्यांच्या पुढच्या पट्टीला लाटा आल्या होत्या. जीन्सचं कापड उभं जास्त आटतं आणि आडवं कमी, त्यामुळे पँट आटली आणि पट्टी तशीच राहिली. मावशींनी तो ढीग पाहिला. मग मशीनं बंद करायला लावली आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "पट्ट्या मी आडव्या कापायला सांगितल्या. ही माझी चूक आहे, कटिंगवाल्याची नाही. आता सगळ्या उभ्या कापायच्या. आज उसवायचं काम आहे, मीही बसते." आणि दिवसभर त्या उसवत बसल्या. दुसऱ्याची चूक कानात सांगणारी बाई स्वतःची सगळ्या लाइनीला सांगते हे मी बघत होते. त्यानंतर मी कुठल्याही ऑफिसात काम केलं तरी असा साहेब मला भेटला नाही.

नवा नमुना बघायला शेठनी कंपनीचा माणूस बोलावला तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा होता. पंचविशीतला मुलगा, हातात डायरी. शेठनी त्याला थंड पाजलं आणि नमुना पुढे ठेवला. त्याने हातात घेऊन पाहिलं आणि मान हलवली. "अच्छा है, लेकिन कस्टमर परेशान होगा. चार बटन कौन लगाएगा रोज?"

मावशींचं हिंदी जेमतेम होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, आप पहन के देखो. बाद में बोलो."

त्याने शेठकडे पाहिलं, शेठनी छताकडे पाहिलं. शेवटी मला पार्टिशनच्या बाहेर काढण्यात आलं आणि तो आत गेला. मशीनं चालू होती पण एकीचंही लक्ष कामात नव्हतं. बराच वेळ झाला. मग तो बाहेर आला, शर्ट बाहेर काढून, आणि हळूच म्हणाला, "तीसरा वाला जाता नहीं है."

मी मनात म्हटलं, गेलं सगळं. मावशींनी मात्र ती पँट परत मागून घेतली, चष्मा लावला आणि तिसऱ्या काजापाशी कापड चिमटीत धरून पाहिलं. "इथे खालून शिवण येते, कापड जाड झालंय. काज एक सूत मोठं पाहिजे." त्या स्वतः काजाच्या मशीनवर बसल्या. अर्ध्या तासाने त्याला पुन्हा आत पाठवलं. या वेळी तो लगेच बाहेर आला आणि हसत होता. "ये तो आसान है," म्हणाला, आणि डायरी उघडून विचारलं, "डिझाइन किसका है?"

"हमारी अदी का," शेठ म्हणाले.

त्याने डायरीत इंग्रजीत 'डिझाइन टीम' असं लिहिलं. मी शेजारूनच वाचलं. आमची डिझाइन टीम तोवर त्याच्यासाठी चहा टाकायला गेली होती.

ठरलं ते असं. दोन हजार नग बटणांचे पाडव्याच्या आधी, आणि दोन हजार चेनचे, जेव्हा चेन येईल तेव्हा, मे महिन्यात उघडणाऱ्या दुकानांसाठी. पुढचे पंधरा दिवस लाइन अशी चालली की मी कॉम्प्युटरसमोर बसायला कमी आणि पट्ट्या मोजायला जास्त वेळ देत होते. बटणांचा रंग कंपनीच्या कमरेच्या बटणाशी जुळत नव्हता. मावशींनी तिथल्याच एका मुलामा देणाऱ्या माणसाला चार वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा तो वैतागून म्हणाला, "बाई, पँटला लावणार आहात ना, गळ्यात नाही." मावशी म्हणाल्या, "तेच. गळ्यातलं कुणी एवढं निरखून बघत नाही." पाचव्या खेपेला रंग जुळला.

पाडव्याला चार दिवस असताना बटणांचा माल टेम्पोत चढला. चेनचे खोके त्याच्या आदल्याच दिवशी येऊन पडले होते, पण कुणाला उघडायला सवड नव्हती. टेम्पो गेल्यावर मावशींनी एक खोका फोडला आणि एक चेन लाइनीतून फिरवली. महिनाभर जिची वाट पाहिली ती चेन प्रत्येकीने हातात घेऊन वर-खाली ओढून पाहिली. ओव्हरलॉकवाल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "एवढीशीच आहे की गं." फळ्यावरचा नकाशा मी त्या दिवशी पुसला नाही. कुणी पुसू दिला नाही.

मावशींनी शेठकडून स्वतःसाठी काही मागितलं नाही. लाइनीसाठी मागितलं. चौदा एप्रिलच्या जयंतीची सुट्टी असायचीच, त्यांनी आधीचा शनिवारही सुट्टीचा मागून घेतला. बुवापाड्यातल्या तयारीला हात लागतात, म्हणाल्या. मलाही त्यांनी बोलावलं. पांढऱ्याशुभ्र साडीत विहारासमोर उभ्या असलेल्या मावशी मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत, कारण गळ्यात टेप नव्हता. त्यांनी आपल्या नवऱ्याला माझी ओळख करून दिली. "ही आमची जहाजवाली." तो म्हणाला, "म्हणजे माझा एक्स-रे हिच्यामुळे गेला?"

त्या कंपनीची पुढची ऑर्डर बटणांच्याच पँटची आली, आणि त्यानंतर मात्र काहीच आलं नाही. दिवाळीनंतर बाजार असा बसला की मॉलमधली दुकानं बंद व्हायला लागली. कंटेनर वेळेवर यायचे, त्यात आमचं काही नसायचं. जानेवारीत शेठ वर आले आणि त्यांनी मावशींना दहा जणींची नावं द्यायला सांगितलं. दहा कमी केल्या तर बाकीच्या टिकतील. मावशी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आल्या. त्यावर तीसच्या तीस नावं होती आणि प्रत्येकीसमोर आठवड्यातले चार दिवस लिहिलेले. शेठ म्हणाले, "अदी, मैंने दस नाम मांगे थे." मावशी म्हणाल्या, "मला दहा निवडता येत नाहीत शेठ. चार चार दिवस सगळ्याच येतील." शेठ खाली गेले. मग वर आले. तो कागद जवळजवळ वर्षभर भिंतीवर होता.

पुढे शेठच्या मुलाने कारखाना लहान केला. जहाजाने माल पाठवणाऱ्या एका एजंटच्या कल्याणमधल्या ऑफिसात मला काम मिळालं. तिथे मुलाखतीत विचारलं, कंटेनर ट्रॅक करता येतो का, आणि मी नुसतं 'हो' न म्हणता सांगितलं, "नंबर द्या, बघून सांगते." मावशींनी बुवापाड्यात घराच्या पुढच्या खोलीत काजाची दोन मशीनं टाकली. आमच्या लाइनीतल्या दोघी त्यांच्याकडे कामाला होत्या.

मी शेवटचं गेले तेव्हा दुपार होती. मावशी मशीनवर होत्या आणि एक तरुण शिंपी दारात उभा राहून घाई करत होता. लग्नाची ऑर्डर आहे, आत्ताच्या आत्ता द्या, म्हणत होता. मावशींनी मला मानेनेच बसायला सांगितलं. त्याच्या ऑर्डरमधल्या एका शर्टाचं काज त्यांनी उजेडात धरून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि उसवायला घेतलं. तो म्हणाला, "मावशी, चालतंय की एवढं."

"तुला चालतंय," मावशी म्हणाल्या. "बस तिच्याशेजारी. पाच मिनिटं लागतील."

तो माझ्या शेजारी बसला. आम्हा दोघांनाही चहा मिळाला.